चित्रकला स्पर्धेनं अपघात थांबत नाहीत, हे खरंच, पण...

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलाय: ‘विद्यापीठांची वाहतूक संशोधन केंद्रं शाळांत जाऊन पोरांकडून सिग्नलची चित्रं काढून घेतात, पोलिसांबरोबर फोटो काढतात. अपघात काही कमी होत नाहीत. लोकांना शिस्तच नाही. दंड दसपट करा, सगळे सरळ होतील.’ खाली नऊ अंगठे.

चित्रांच्या बाबतीत लिहिणारा निम्मा बरोबर आहे. नुसत्या शिकवण्यानं मुलांचं रस्ता ओलांडणं सुधारतं, पण त्यामुळे जखमी होणं कमी होतं याला पुरावा मिळत नाही, असं २००२च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) निघालं होतं. म्हणजे हा आक्षेप संशोधकांनी फॉरवर्डच्या कितीतरी आधी घेतलाय. पुढे लंडनच्या रॉयल हॉलोवे इथल्या प्रयोगांत एक कारणही दिसलं. गाडी ताशी साधारण ३२ किलोमीटरपेक्षा जोरात येत असेल, तर प्राथमिक शाळेतल्या मुलांना तिचा वेग नीट कळतच नाही. आपण ‘उजवीकडे बघ, डावीकडे बघ’ घोकून घेतो, पोर बघतंही, आणि तरी चुकतं. अशा वेळी पोराला आणखी किती शिकवणार? शाळेसमोरचा रस्ताच बदलावा लागतो. भायखळ्याला मिर्झा गालिब मार्गावर ख्राइस्ट चर्च शाळेबाहेर ते करून पाहिलं. डब्ल्यूआरआय इंडिया ही संशोधन संस्था, पालिका आणि वाहतूक पोलीस यांनी मिळून मुलांना चालायला आणि थांबायला जागा आखून दिली.

आता फोटो. पोलिसांबरोबर फोटो काढतात, हो. पण अपघाती मृत्यूची नोंद असते पोलीस ठाण्यात, रस्ता पालिकेचा किंवा एमएमआरडीए या महानगर प्राधिकरणाचा, बसथांबा बेस्टचा, जखमी माणूस सायन किंवा केईएम रुग्णालयात. या सगळ्यांची कागदं एका टेबलावर आणायची कोणी? आपल्याकडच्या एफआयआरमध्ये वर्षानुवर्षं एकच वाक्य असतं: ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’. गुन्हा नोंदवायला ते पुरतं. पण त्याच वळणावर याआधीही माणसं गेली आहेत का, दुभाजक तिथे तुटलाय का, दिवा होता का, हे त्यातून कळत नाही. आयआयटी मद्रास आणि एनआयसी हे केंद्र सरकारचं संगणक केंद्र यांनी मिळून अपघात नोंदवण्याची देशव्यापी संगणक प्रणाली बनवली, ती याच अडचणीपायी. फोटोमागचं काम हे असं कंटाळवाणं असतं. त्याचा फॉरवर्ड होत नाही.

‘अपघात कमी होत नाहीत’ हे तर मुंबईपुरतं सरळ चूक आहे. २०१५ साली शहरात रस्त्यावर ६११ माणसं मेली, २०१८ साली ४७५. त्याच २०१५पासून ब्लूमबर्ग या अमेरिकी दानसंस्थेच्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक उपक्रमात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधक मुंबईच्या रस्त्यांवर हेल्मेट, सीटबेल्ट आणि वेग यांची निरीक्षणं घेत होते, पोलीस आणि पालिका बरोबर होत्या. ही घट विद्यापीठामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. नाकाबंदी, मेट्रोची खोदकामं, ट्रॅफिकची कूर्मगती, सगळ्याचा वाटा असेल. पण ‘काही कमी होत नाही’ म्हणणाऱ्यानं निदान आकडा तरी बघायचा.

दंडाचं म्हणाल तर दसपट होऊन गेलाय. हेल्मेट नसेल तर केंद्रीय कायद्यात आधी १०० रुपये होते, २०१९च्या दुरुस्तीनं १,००० झाले. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. २०१९पेक्षा जास्तच.

राहिली शिस्त. ती लोकांत किती आहे हे आपण सगळे अंदाजानं बोलतो, मीसुद्धा. हेल्मेट डोक्यावर आहे की हँडलला लटकतंय, असेल तर हनुवटीखालचा पट्टा लावलाय का, एवढं रस्त्याकडेला उभं राहून मोजायला कागद आणि पेन पुरतं. रविवारी सकाळी आठ ते नऊ मी आणि अकरावीतली माझी पुतणी सोसायटीच्या गेटाबाहेर उभ्या राहून मोजणार आहोत. नऊ अंगठ्यांपैकी ज्याला यायचं त्यानं या, चहा माझ्याकडे.