साधं का पावर?

कोल्हापुरात कुणालाही काहीही विचारा, "माहीत नाही" हे उत्तर मिळत नाही. पत्ता ठाऊक नसलेला माणूससुद्धा दाखवायला म्हणून आपल्या गाडीवर मागं बसतो आणि निम्म्या वाटेत तिसऱ्याला विचारतो. अशा गावात मी "या गाडीला किती ऑक्टेनचं पेट्रोल लागतं?" हा प्रश्न घेऊन हिंडत होतो. उत्तरांचा तुटवडा कधीच पडला नाही.

गाडी माझी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या नावावर एक ॲक्टिव्हा आणि तिचे राहिलेले हप्ते आहेत. गाडी दाजींची. निस्सान ३७०झेड. जपानात तोचिगीच्या कारखान्यात जन्मलेली, जहाजातून आलेली, दोन दारं, दोन माणसांची सोय, ३.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि सव्वातीनशेच्या वर घोडे. दाजींनी ती पुण्यात सेकंडहँड घेतली, सोसायटीत चारचौघांना दाखवून झाली आणि तेवढ्यात कंपनीनं त्यांना जर्मनीला पाठवलं. पुण्यातल्या पार्किंगमध्ये उंदीर वायरी खातात म्हणून गाडी आमच्या शेडात आली. जाताना दाजी एवढंच म्हणाले, "अधूनमधून फिरवत जा. आणि पेट्रोल तेवढं नीट घाल."

म्हणजे कसं, ते विचारायच्या आत त्यांची रिक्षा स्टँडच्या दिशेनं गेली.

गाडीबरोबर मूळ पुस्तिका नव्हती. पहिल्या मालकानं नेटवरून अमेरिकेची पुस्तिका उतरवून, झेरॉक्स मारून, स्पायरल बाइंडिंग करून ठेवली होती. तीत लिहिलं होतं : प्रीमियम, किमान ९१. तिकडून दाजींचा मेसेज आला : "इथं पंपावर सुपर ९५ आणि सुपर प्लस ९८ मिळतं. आपल्या गाडीला ९८च बेस्ट." आपल्याकडच्या पंपांच्या फलकांवर एक्सपी ९५, स्पीड ९७, एक्सपी १०० अशी वेगळीच गुणपत्रिका. आणि गाडीच्या माहेरी, जपानात, साध्या पेट्रोलला किमान ८९ आणि प्रीमियमला किमान ९६ असं तिथलं मानक सांगतं. एवढे आकडे मला दहावीच्या बोर्डानंही एकदम दाखवले नव्हते.

पहिल्यांदा पंपावर गेलो तेव्हा गाडी थांबायच्या आत आजूबाजूची दहा-बारा पोरं मोबाइल काढून उभी राहिली. गाडी इतकी बुटकी, की पंपावरच्या पोराला माझ्याशी बोलायला गुडघ्यात वाकावं लागलं.

"साधं का पावर?"

"ऑक्टेन किती आहे?"

तो सरळ उभा राहिला, मागं बघून ओरडला, "मालक, आक्टन हाय काय आपल्यात?" केबिनमधून उत्तर आलं, "न्हाई म्हण. युरिया हाय."

तोवर रांगेतला छोटा हत्तीवाला खाली उतरून आला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला हलकेच लाथ मारून बघितली आणि प्रत्येक कोल्हापुरी माणसानं आजवर विचारलेला प्रश्न विचारला, "किती देती?" गावात पाच-सहा देते, म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटली ती मी विसरणार नाही. "मग भावा, काय पण घाल," तो म्हणाला, "तसं पण जाळायचंच हाय."

घरी येऊन आकड्यांचा गुंता सोडवायला बसलो. यात खरी मेख अशी, की ऑक्टेन मोजायच्या पद्धतीच दोन आहेत. एक सिलिंडरचं, दाब कमी-जास्त करता येणारं एक चाचणीचं इंजिन असतं. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून जो आकडा निघतो त्याला म्हणायचं रॉन. ९०० फेऱ्यांवर, गरम मिश्रण देऊन, जरा छळून काढला की निघतो मॉन, आणि तो अर्थातच कमी येतो. भारत, जपान, युरोप हे सगळे पंपावर रॉन सांगतात. अमेरिका दोन्हींची सरासरी लिहिते. म्हणून अमेरिकेतला ९१ आपल्याकडं आला की साधारण ९६ होतो. (एरवी इकडून तिकडं गेलेली पोरं मोठी होऊन परततात. इथं उलटं आहे.) थोडक्यात पुस्तिका, जपान आणि दाजी हे तिघं एकच गोष्ट तीन सुरांत सांगत होते : ९६च्या खाली उतरू नकोस.

हे बंड्याला सांगितलं. बंड्या म्हणजे आमच्या पेठेतला सर्व यांत्रिक विषयांचा जाणकार. त्याच्याकडं स्प्लेंडर आहे. "मी महिन्यातनं एकदा पावर टाकतो. गाडी अशी पळती की नाद खुळा!" असं तो सांगतो, आणि पळते ती गाडी रिकाम्या बायपासला पळते हे सांगत नाही. ज्या इंजिनाला गरज नाही त्यात शंभर ऑक्टेन ओतलं तरी हाती काही लागत नाही, फक्त पाकीट हलकं होतं, असं मी म्हणालो. बंड्या दुखावला. मग त्यानं ऑक्टेन बूस्टरची बाटली सुचवली. "पाच पॉइंट वाढतंय, बाटलीवर लिवलंय!" या बाटल्यांच्या जगात पॉइंट म्हणजे पुष्कळदा एक दशांश असतो, पाच पॉइंट म्हणजे अर्धा ऑक्टेन. बाटलीवरचं हे गणित बंड्याला पटवताना माझा स्वतःचाच पारा दोन-तीन पॉइंट वर गेला.

शेवटी उद्यमनगर गाठलं. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचं नाव सांगणाऱ्या गावात इंजिनाचा प्रश्न पेठेतल्या कट्ट्यावर सोडवायचा म्हणजे तसा त्या गावाचाच अपमान. तिथं एका गल्लीत सत्तरी ओलांडलेले मेस्त्री आहेत. उमेदीची सगळी वर्षं ऑइल इंजिनात गेलेली. मी आलो तेव्हा ते बशीतून चहा पीत होते आणि एका पिस्टनकडं असं बघत होते, जणू त्यानं काल रात्री उशिरा घरी येऊन उत्तर द्यायचं टाळलंय.

"मेस्त्री, जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद ना?"

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"सगळ्यास्नी गाडीच्या बाहीर उभं ऱ्हायला सांग." त्यांनी बशी खाली ठेवली. "हे बघ. डिझेल कसं असतंय? नुसतं दाबलं की आपसूक पेटलं पायजे. पेट्रोलचं उलटं. दाबलं तरी पेटायचं न्हाई. ठिणगी पडंस्तवर गप बसायचं. किती दाब सोसून गप बसतंय, त्येचा आकडा म्हंजे तुझं ऑक्टेन."

"मग ताकद?"

"ताकद इंजिनाची. पेट्रोलचा नुसता दम. तालमीतलं नवं पोरगं बघ, हलगी कडाडली की धावत जाऊन अंगावर पडतंय. खरा पैलवान दम धरतोय, डाव आला की मारतोय. तुझ्या गाडीला कॉम्प्रेशन, म्हंजे दाब, किती?"

"अकरास एक."

"मग तिला दमाचं पायजे."

त्यांनी पिस्टन उलटा करून डोक्याची कड दाखवली. कडेला बारीक खड्डे पडलेले, वाळवी लागलेल्या दारागत. ठिणगीनं लावलेली आग सिलिंडरभर पसरायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकलं, की दाबाचा तडाखा बसतो आणि आतून टकटक आवाज येतो. ते नॉकिंग. जुन्या गाडीत ते कानानं ऐकू यायचं. चढाला गाडी टकटकायला लागली की ड्रायव्हर गिअर टाकायचा. आताच्या गाडीत इंजिनाला चिकटवलेला सेन्सर ते आपल्याआधी ऐकतो, संगणक ठिणगीची वेळ मागं सरकवतो, ताकद थोडी जाते पण पिस्टन वाचतो. म्हणून त्या झेरॉक्स पुस्तिकेतही एक सवलत होती : प्रीमियम मिळालंच नाही तर तात्पुरतं साधं घाला, पण टाकी भरू नका आणि पाय जपून दाबा. आमच्या गावचे स्पीडब्रेकर पाहता दुसरी अट आपोआप पाळली जात होती.

दम मोजायची ही पट्टी १९२०च्या दशकातली. आयसोऑक्टेन हा द्रव अति सोशीक, त्याला १००. हेप्टेन हा जरा दाबलं की भडकणारा, त्याला शून्य. सुरुवातीला शुद्ध हेप्टेन काढायचे अमेरिकेतल्या एका पाइन झाडाच्या राळेतून. या पट्टीवर आमची गल्ली मोजली, तर क्रिकेटची मॅच, गणपतीची वर्गणी आणि पार्किंग या तीन विषयांत आम्ही थेट पाइनच्या झाडावर जाऊन बसू. आणि सल्ला देण्यात तर ठिणगीचीही वाट बघत नाही.

तर ९६ ठरलं. आता प्रश्न मिटला, असं वाटलं आणि शेजारचे आबा आले. आबा साखर कारखान्यातून रिटायर झालेत. त्यांनी गाडीच्या टाकीचं झाकण बघितलं आणि म्हणाले, "कसलं ९६ न् ९७? साधं घाल. त्यात आता वीस टक्के इथेनॉल हाय. आपल्या उसाचं हाय ते!"

आणि गंमत म्हणजे आबांचं निम्मं बरोबर होतं. इथेनॉलचं रॉन १०८च्या आसपास. ते मिसळल्यानं साध्या पेट्रोलचा ऑक्टेन वर गेला. पूर्वी साधं म्हणजे ९१ होतं, ई-२० पेट्रोलचं मानक किमान ९५ सांगतं. जपानी गाडीला लागणारा दम शिरोळ-हातकणंगल्याच्या फडातून येतोय, या विचारानं मलाही जरा भरून आलं. पण लिटरमागे ऊर्जा इथेनॉलमध्ये एक तृतीयांशानं कमी, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं की इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच. कोल्हापूरचा पावसाळा आणि शेडात आठवडेच्या आठवडे उभी गाडी! आत रबराच्या नळ्या काय म्हणत असतील?

"आबा, या गाडीला दहा टक्केच चालतंय."

"म्हंजे ऊस पचत न्हाई तिला?" आबा म्हणाले. "मग कशाला आणली कोल्हापुरात?"

याला उत्तर नव्हतं. मात्र रात्री अंथरुणात एक गणित सुचलं आणि मी उठून बसलो. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलात इथेनॉल नसतं, असं सगळे जाणकार सांगतात. मग निम्मी टाकी शंभरची आणि निम्मी साध्याची! इथेनॉल बरोबर १० टक्के. ऑक्टेन साधारण साडेसत्त्याण्णव. पुस्तिका खूश, दाजी खूश, आबांचा निम्मा ऊसही टाकीत. बायकोला उठवून सांगितलं.

"शंभरचं केवढ्याला लिटर?"

"एकशेसाठच्या आसपास."

"तेवढ्यात दोन लिटर म्हशीचं दूध येतंय," ती कुशीवर वळत म्हणाली. "ते प्यायलात तर तुम्ही तरी जरा सुधाराल."

दुसरी अडचण जास्त मूलभूत होती. मी विचारलं त्या पंपांवर शंभरचं नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा दहा शहरांत आलं तेव्हा त्या यादीत पुणं होतं. आमच्या इथला एक पंपवाला "पुढच्या आठवड्यात येतंय" हे ज्या शांतपणे सांगायचा, त्यावरून त्याचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर असावं. पुणं इथून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. हायवेला गाडी दहा देते धरलं, तर जाऊन यायला पंचेचाळीसेक लिटर लागणार, आणि टाकी ७२ लिटरची. म्हणजे पेट्रोल आणायला जाण्यातच निम्म्याहून जास्त टाकी जाळायची. दाजींना फोनवर हे सविस्तर सांगितलं. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "अरे, पण सत्त्याण्णवचं मिळत नाही का तिथं?"

मिळतं. इथेनॉलचा हिशेब तेवढा बाजूला ठेवून तेच घालायचं ठरलं.

मेस्त्रींनी सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. "एकदा बसवून आण, बास." रविवारी सकाळी त्यांना घेतलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन, मांडीवर टोपी. बसताना गुडघे दुखले, पण बसल्यावर गप्प झाले. उचगाव गेलं, गोकुळ शिरगाव गेलं, कागल गेलं. मेस्त्री डोळे मिटून इंजिन ऐकत होते. मध्येच एकदा बोट वर करून म्हणाले, "टकटक न्हाई." मला बोर्डात आल्याचा आनंद झाला.

कोगनोळीचा नाका ओलांडून कर्नाटकात शिरलो तशी पंपांवर एमएच ०९ च्या, म्हणजे आमच्याच कोल्हापूरच्या, गाड्यांची रांग दिसली. मेस्त्रींनी डोळे उघडले.

"थांबीव. हितं रुपायानं स्वस्त हाय. टाकी फुल्ल कर."

"मेस्त्री, अहो हे साधं आहे. ऑक्टेन? दम? अकरास एक?"

"ते हाय रं," मेस्त्री दार उघडायची कळ शोधत म्हणाले, "पर बहात्तर लिटरला बहात्तर रुपयं म्हंजे एक मिसळ सुटतीया की!"