पाण्याचे दगड कायम बुडवून ठेवायचे नसतात

पटाशी-रंध्याला धार लावायचे पाण्याचे दगड कायम पाण्यातच ठेवावेत, असा सल्ला सध्या फिरतोय. तो सरसकट खरा नाही. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडातल्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) आसपासचे भट्टीत भाजलेले सच्छिद्र दगड बहुधा बिघडत नाहीत. पण त्यांनाही वापराआधी बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलं की पुरतं. ज्यांचे कण भट्टीत न भाजता मॅग्नेशिया या सिमेंटसारख्या पदार्थाने बांधलेले असतात, त्या दगडांचं मात्र तसं नाही. ते फार वेळ भिजले की मऊ पडतात, वाळताना तडकतात. नखाने खरवडून पाहा, लोण्यासारखा पापुद्रा निघाला तर समजा, दगड जास्त भिजलाय. मॅग्नेशियाच्या दगडांवर वापरताना नुसतं पाणी शिंपडावं, नंतर सावलीतच वाळवावेत. उन्हात अजिबात नाही. आणि घासताना साचणारा राखाडी चिखल सारखा धुऊन टाकू नका, पोलाद घासायला त्याचीही मदत होते.