आधी १९३० ला फोन, मग बोलणी

फसवणुकीचा मेसेज कसा ओळखावा यावर सल्ला देणारे बहुतेक जण सांगतात, स्पेलिंगच्या चुका बघा. हा सल्ला आता जुना झाला. हल्ली येणारे कित्येक मेसेज आमच्या नगरपालिकेच्या नोटिशीपेक्षा शुद्ध असतात. माझी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली आणि निवृत्तीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात लोकांचे फॉर्म भरून देणं हाच उद्योग झालाय. त्यातून माझं मत असं बनलंय की मेसेजमधलं व्याकरण तपासत बसण्यापेक्षा ते ऑफिस खरोखर कसं काम करतं हे माहीत असलेलं बरं. आणि पैसे गेलेच, तर ते परत मिळवायला जो थोडा वेळ हाताशी असतो, तो आपल्याकडे घरच्यांची बोलणी खाण्यात जातो. आज दोन्हींवर लिहितो. पोस्ट लांबणार आहे.

वीज तोडण्याचा तो प्रसिद्ध मेसेज घ्या. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी या नंबरवर बोला. खाली दहा आकडी मोबाईल नंबर. रात्री साडेनऊच का? कारण संध्याकाळी मेसेज पोचतो तेव्हा महावितरणचं ऑफिस बंद झालेलं असतं, ओळखीचा वायरमन फोन उचलत नाही, आणि घरात कुणाची तरी परीक्षा किंवा कुणाचं तरी आजारपण चालू असतंच. मेसेज लिहिणाऱ्याने आपल्या घराचं वेळापत्रक अभ्यासलेलं आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. विद्युत कायदा २००३, कलम ५६. थकबाकी असली तरी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. म्हणजे ‘आज रात्री’ हे दोन शब्द वाचले की बाकीचा मेसेज वाचायचीही गरज नाही. बिल भरलंय की नाही ते ॲपवर किंवा मागच्या पावतीवर स्वतः बघायचं. मेसेजमधल्या नंबरवर फोन करून कसलीच खात्री होत नाही, तो नंबर त्यांचाच असतो.

फोन केलाच तर पलीकडचा माणूस फार गोड बोलतो. साहेब, काळजी करू नका, फक्त दहा रुपये भरा, रेकॉर्ड अपडेट होईल. दहा रुपयांत कोण लुटणार, असं आपल्याला वाटतं. त्याला त्या दहा रुपयांत रस नसतो. त्याआधी त्याने तुम्हाला एनीडेस्क किंवा क्विकसपोर्टसारखं ॲप घ्यायला लावलेलं असतं, त्यामुळे तुमची स्क्रीन त्याला दिसते, आणि दहा रुपये भरताना तुम्ही कार्ड नंबर, पासवर्ड, ओटीपी काय टाकता ते तो वाचत असतो.

दुसरा प्रकार एपीके फाईलचा, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप इन्स्टॉल करणाऱ्या फाईलचा. ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल व्हॉट्सॲपवर येते, आणि गंमत म्हणजे ती बऱ्याचदा ओळखीच्या नंबरवरून येते. भाचीच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, शाखेतल्या जुन्या सहकाऱ्याच्या. त्यांचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो आणि तो आपोआप सगळ्या ग्रुपवर फाईल वाटत सुटतो. ती उघडून इन्स्टॉल केली की मेसेज वाचायची परवानगी मागते. ती एकदा दिली, की तुम्ही कुणालाही ओटीपी न सांगता तुमचे ओटीपी त्यांच्याकडे जायला लागतात. लग्नसराईत हीच फाईल ‘लग्नपत्रिका’ नावाने फिरते. चलान असो की पत्रिका, ती बघायला ॲप इन्स्टॉल करावं लागत नाही. चलानाची शंका असेल तर परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साईटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकावा, दोन मिनिटांचं काम आहे.

पाठवणाऱ्याचं नाव बघायला मात्र शिकाच. बँका आणि सरकारी खाती साध्या मोबाईल नंबरवरून एसएमएस करत नाहीत. त्यांचं अक्षरी नाव येतं, आणि मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: व्यवहारासाठी टी, सेवेसाठी एस, सरकारी असेल तर जी, जाहिरातीला पी. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा अधिकृत नावाने येणाऱ्या मेसेजमध्ये आधी नोंदवलेल्या लिंकच चालतात, बाकीच्या टेलिकॉम कंपन्यांनी अडवायच्या असा ट्रायचा, म्हणजे टेलिकॉम नियामकाचा, नियम आहे. म्हणून तर चोर साध्या नंबरांकडे, परदेशी नंबरांकडे आणि व्हॉट्सॲपकडे वळलेत. तिथे डीपीला बँकेचा लोगो लावला की काम झालं. बँकांच्या वेबसाईटसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता सक्तीचा केला, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. पत्ता वाचताना सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग बघायचा. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही लिहू शकतो.

‘चुकून तुमच्या खात्यात पंचवीस हजार आले, परत पाठवा’ यावर जास्त लिहीत नाही. मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. बॅलन्स बघा. खरोखर आले असतील तरी स्वतः उलटे पाठवू नका, बँकेला कळवा, बँक बघून घेईल.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो.

आमच्या कॉलनीतले एक काका, एस.टी.तून निवृत्त. वरचाच विजेचा मेसेज, तेच ॲप, आणि खात्यातून तीन वेळा पैसे गेले. लाखाच्या आतबाहेर. काकांना पाच मिनिटांत कळलं होतं. माझ्याकडे आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळात काय झालं? काकूंनी आधी बोलून घेतलं. मग पुण्याहून मुलाचा फोन. ‘बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, फोन ठेवून द्या म्हणून.’ मग सुनेने समजूत घातली, मग रात्रभर काका जागे, आणि सकाळी ठरलं की कुणाला सांगायचं नाही, लोक हसतील. पुढे कागदपत्रं आली तेव्हा कळलं की पहिल्या खात्यातून पैसे पुढे सरकायला जवळजवळ दीड तास लागला होता. दीड तास! तेवढा वेळ ते पैसे एका जागी बसून होते, आणि घरात चर्चा चालू होती.

त्या दीड तासात करायची गोष्ट एकच होती, १९३० ला फोन. हा गृह मंत्रालयाचा सायबर आर्थिक फसवणुकीचा नंबर. तो फिरवल्यावर पलीकडे काय होतं हे लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. ऑपरेटर तुमचं नाव, बँक, खाते नंबर, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतो. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो आणि पैसे गेल्याच्या तपशिलात सापडतो. ही माहिती सिस्टीममध्ये पडली की तुमच्या बँकेला आणि पैसे जिथे गेले त्या बँकेला एकाच वेळी दिसते. तिथे पैसे असतील तर ते रोखून ठेवले जातात. पुढे गेले असतील तर ती बँक पुढचं खातं नोंदवते, आणि मग तीच तक्रार पुढच्या बँकेला जाते. चोरांची साखळी अशीच बांधलेली असते: पहिलं खातं, त्यातून पाच खाती, त्यातून आणखी, शेवटी कुठेतरी एटीएममधून रोकड. ही खाती बहुतेक वेळा कॉलेजच्या पोरांनी किंवा मजुरांनी हजार-दोन हजारांसाठी भाड्याने दिलेली असतात. तुमची तक्रार आणि त्यांची रोकड यांच्यात शर्यत लागलेली असते, आणि काकांच्या घरात ती शर्यत सुरू झाल्याचंच कुणाला माहीत नव्हतं.

फोन लागत नाही, लाईन व्यग्र असते, ही तक्रार खरी आहे. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर भरायला घ्या, दुसऱ्या फोनवरून १९३० लावत राहा आणि तिसऱ्याने बँकेच्या हेल्पलाईनवर खातं आणि कार्ड बंद करायला सांगा. ज्या मोबाईलमध्ये ते ॲप शिरलंय त्याचा डेटा आणि वायफाय आधी बंद करा आणि तक्रारीचे फोन दुसऱ्या मोबाईलवरून करा. मेसेज, कॉलची यादी, स्क्रीनशॉट यातलं काहीही डिलीट करू नका. लाज वाटून लोक पहिल्यांदा तेच करतात, आणि मग पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

काकांच्या तीन व्यवहारांपैकी शेवटच्याचा काही भाग पुढच्या एका खात्यात अडकलेला सापडला, तेवढा रोखला गेला. बाकीचे गेले ते गेलेच.

बँकेतला प्रसंग मुद्दाम लिहितो, कारण मी त्या काउंटरच्या मागे उभा राहिलेला माणूस आहे. तिथल्या मुलाने अर्ज हातात घेण्याआधीच ऐकवलं, ‘काका, ओटीपी तुम्हीच दिला असणार, आता काही होणार नाही.’ अर्ज परत सरकवला. असं वाक्य ऐकलं की नव्वद टक्के लोक घरी जातात. काका गेले नाहीत, कारण मी बरोबर होतो. अर्जाच्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घेतल्याशिवाय हललो नाही. हा शिक्का फार मोलाचा असतो.

कशासाठी, ते ऐका. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे नियम घातले, त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही तेच लागू झालं. तुमच्या संमतीशिवाय झालेला व्यवहार असेल, चूक तुमची नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमचं नुकसान, साध्या बचत खात्याला ती मर्यादा दहा हजार. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात दाखवायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. आणि सगळ्यात दुर्लक्षित वाक्य: तुमच्या हलगर्जीपणाने पैसे गेले असले तरी तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे जातील ते नुकसान बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी.

‘ओटीपी दिला म्हणजे विषय संपला’ हे कोर्टही नेहमी मानत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या विरोधातला गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. ग्राहकाने ठगाच्या सांगण्यावरून ॲप घेतलं होतं, ९४ हजारांवर रक्कम गेली होती, पण त्याने २४ तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. बँकेला पैसे द्यावे लागले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच परिपत्रकाच्या आधारे एका कंपनीचे ७६ लाख ९० हजार परत करायला बँक ऑफ बडोदाला सांगितलं.

अर्थात खोटी आशा दाखवत नाही. स्वतःच्या हाताने यूपीआय पिन टाकून पैसे पाठवले असतील, तर बँक म्हणणार की व्यवहार तुम्हीच केलात, आणि तिथे भांडण अवघड आहे. तिथे भरवसा मुख्यतः १९३० वर रोखल्या गेलेल्या रकमेचाच. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही.

रोखलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत, आणि इथे लोक थकतात. साधारणपणे कोर्टाचा आदेश लागतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५०३, जुन्या लोकांना सीआरपीसी ४५७ म्हटलं की कळेल. त्याखाली अर्ज करायचा, पोलिसांचा अहवाल जोडला जातो, मॅजिस्ट्रेट आदेश देतो, मग ज्या बँकेत रक्कम अडकली ती बँक सोडते. काही ठिकाणी लोकअदालतीत असे अर्ज झटपट निघतात, चौकशी करून बघा. (याच रोखण्याची दुसरी बाजूही बघितलीय. चोरीच्या पैशातून कुणीतरी भाजी घेतली म्हणून भाजीवाल्याचं अख्खं खातं बंद. त्याचा काय दोष? अख्खं खातं न अडवता तेवढीच रक्कम अडवावी, एवढी अक्कल यंत्रणेला असायला हवी.)

गृह मंत्रालयाने संसदेत दिलेला आकडा आहे: सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी गेले, २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. एवढा पैसा फक्त बावळट लोकांकडून जात नाही. त्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेतले निवृत्त लोकही आहेत. तेव्हा पोरांनो, बापाचा असा फोन आला की पहिलं वाक्य ‘किती वाजता गेले?’ हे असू द्या. बोलणी आठवड्याने खाऊ घाला, काकूही तेव्हा मदतीला असतील.

शेवटचं. या पोस्टखाली अनुभव लिहा, पण बँकेचं नाव, रक्कम आणि मोबाईल नंबर एकत्र लिहू नका. असल्या पोस्टखालच्या कमेंट चाळून ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे निघालेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ म्हणणारी दुसरी टोळी असते, आणि एकदा पोळलेला माणूस त्यांच्याकडे पुन्हा पैसे भरतो. १९३० च्या तक्रारीला फी नाही, पोलीस गूगल पेवर पैसे घेत नाहीत. ‘या भाऊंनी माझे पैसे परत मिळवून दिले, इन्स्टावर संपर्क करा’ छापाची कमेंट दिसली तर मला टॅग करा, मी उडवतो.