बाप नसताना अंडं सुरू कसं होतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. अनिषेकजननावरच्या (नराविना, अफलित अंड्यातून होणाऱ्या जन्मावरच्या) लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शुक्राणू शिरल्याशिवाय अंड्यात पेशीविभाजन सुरूच होत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. तुम्ही 'आपोआप सुरू होतं' म्हणून मोकळे! हे विज्ञान की चमत्कार?" टोला झकास आहे. पण शाळेतलं ते वर्णन सस्तन प्राण्यांचं. कीटकांची तऱ्हा वेगळी.

कीटकाचं अंडं बहुधा पहिल्या अर्धगुणसूत्री विभाजनाच्या (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) मध्यावर अडून राहतं. ते सुटायला शुक्राणू लागत नाही. पिंप्ला नावाच्या परजीवी गांधीलमाशीची अंडं घालायची नळी अंड्यापेक्षा अरुंद असते. बाहेर पडताना अंडं चांगलंच दाबलं जातं आणि तो दाबच त्याला सुरू करतो. 1970च्या दशकात संशोधकांनी मादीच्या पोटातून काढलेली अंडी बारीक नळीतून तशीच दाबून बाहेर काढली, तर ती वाढायला लागली! तमिळनाडूतल्या काडीकिड्याच्या अंड्याला दाबही नको, हवेतला ऑक्सिजन पुरतो.

तुमच्या आक्षेपात दम आहे तो पुढच्या टप्प्यावर. फळमाशीचं अंडं अंडनलिकेत उतरताना फुगतं, त्यात कॅल्शियमची लाट पसरते, अर्धगुणसूत्री विभाजन पुरं होतं. हे सगळं नराविना. आणि तिथेच बहुतेक अंडी थांबतात. कारण गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे तंतू ज्यावर उभे राहतात ते तारककाय शुक्राणूबरोबर येतं. मादी स्वतःचं तारककाय अंडं तयार होतानाच मोडीत काढते.

मग नॅसोनिया काय करते? ही माश्यांच्या कोषात अंडी घालणारी चिमुकली गांधीलमाशी. तिच्या अंड्यात विभाजन चालू असतानाच पेशीद्रवात जागोजागी तंतूंचे तारे नव्यानं उगवतात. त्यातले दोन मादीच्या केंद्रकाला येऊन चिकटतात, त्यांच्यामधून पहिलं विभाजन होतं आणि बाकीचे विरून जातात. गंमत म्हणजे फलित अंड्यातही हे तारे उगवतात. तिथे शुक्राणूचं तारककाय काम उचलतं, म्हणून यांची गरज पडत नाही. म्हणजे सोय आधीपासूनच तयार असते. यात चमत्कार मला तरी दिसत नाही.

"मग पिल्लू निम्म्या गुणसूत्रांचं होईल" हा तुमचा दुसरा मुद्दा. होतंच की! मधमाशीचा नर तसाच असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप मधमाशीच्या कामकरीण मात्र नराविना मादी जन्माला घालतात, कारण तिथे विभाजनानंतरची दोन केंद्रकं पुन्हा एक होतात. आणि ट्रायकोग्रामा या इवल्याशा परजीवी गांधीलमाशीच्या काही वाणांत (आपल्याकडे उसात लावतात त्या ट्रायकोकार्डवरच्या किड्याची ही भावंडं) गुणसूत्रं दुप्पट होतात ती पेशीत राहणाऱ्या वोल्बाकिया जिवाणूमुळे. 1990 साली त्या माद्यांना प्रतिजैविक दिलं, तर त्यांच्या अफलित अंड्यांतून पुन्हा नर निघू लागले.