घरात खून झाला असल्यास बातमीला सहकार्य करा

सगळ्यात आधी पत्ता बघा. खून कधी होईल हे कुणाच्या हातात नसतं, पण राहायचं कुठं हे तरी माणसानं विचार करून ठरवावं. नागपुरात धरमपेठेत किंवा सिव्हिल लाइन्समध्ये मेलात तर पहिलं पान, मोठा फोटो, 'उपराजधानी हादरली'. कळमन्यात किंवा यशोधरानगरात मेलात तर आतलं पान, 'क्षुल्लक वादातून', आणि उपराजधानी त्या दिवशी जागची हलतसुद्धा नाही. तर्री-पोहे खाऊन कामाला लागते. मयताला याचं काही नसतं, पण त्याच्या आईला समजावणं तुमच्याच अंगावर येतं, म्हणून आधी सांगून ठेवलं.

आता घटना घडली असं धरू. मृतदेह सरकारी इस्पितळात, मेयोत नाहीतर मेडिकलला. मोठा भाऊ सांगतील तिथं सह्या करतोय, आधारची झेरॉक्स कुणी आणायची यावरून दोन काका एकमेकांवर डाफरतायत. घरी उरल्या बाया आणि पोरं. चॅनेलवाला बूम माइक घेऊन नेमका तिथंच पोचतो. दार उघडा. उंबऱ्यातल्या चपला सरकवून कॅमेऱ्याला वाट करून द्या. "आई, कसं वाटून राहिलं तुम्हाले?" असं विचारतील. याचं उत्तर रडून द्यायचं असतं. गप्प बसलात तर 'कुटुंबीयांचा बोलण्यास नकार', म्हणजे काहीतरी लपवून राहिले. शांतपणे बोललात तर त्याहून वाईट. पोरगं गेलं अन् बाई पाहा कशी खणखणीत बोलते, असं अर्धं गाव म्हणेल. हंबरडा फोडायचा, पण मध्ये श्वास घेताना 'न्याय पाहिजे' एवढं स्पष्ट ऐकू यायला हवं.

दुःखाच्या खासगी क्षणी कॅमेरा घुसवू नये, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत लिहिलंय खरं. त्याची आठवण करून देऊन पाहुण्यांना लाजवू नका. कौन्सिल फार तर ताकीद देते, निषेध नोंदवते. दंड करायचा अधिकार तिला नाही आणि चॅनेल तर तिच्या कक्षेतच येत नाहीत. चॅनेलांसाठी मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये सांगून ठेवलंय, की तपास चालू असताना पीडिताच्या घरच्यांच्या मुलाखती घेऊ नका, गुन्हा कसा घडला त्याचं नाट्य रचून दाखवू नका. हा निकाल कुणाकडे पाठ असेल तर त्यानं तो मनातल्या मनात म्हणावा.

शिवाय दार लावून घ्यायची सोय तरी कुठं आहे? ज्यांची ठाण्यात ओळख नाही त्यांचा साधा गुन्हा नोंदवून घ्यायलासुद्धा कधी कधी आधी बातमी यावी लागते. बूमवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. तुम्हालाही असतं. म्हणून तर तुम्ही त्याला चहा विचारता.

फोटो तयार ठेवा. आधारवरचा चालत नाही, त्यात माणूस मेल्यासारखाच दिसतो. बहिणीच्या लग्नातला उत्तम. कापताना बहिणीचा हिरव्या चुड्यातला हात मयताच्या खांद्यावर तसाच राहून जातो आणि तिच्या सासरचे तो बरोबर ओळखतात, पण तेवढं चालायचंच.

मग येतं कारण. ते शोधत बसू नका, सूत्रांनी पहिल्या संध्याकाळीच ठरवून टाकलेलं असतं. पूर्ववैमनस्य, दारूचे पैसे, प्रॉपर्टी. आणि मेली ती बाई असेल तर अनैतिक संबंध. हे शेवटचं सगळ्यांत सोयीचं, कारण खुलासा करायला ती काही येत नाही. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये गृह मंत्रालयाला, पोलिसांनी माध्यमांना काय आणि किती सांगावं याची नियमावली तीन महिन्यांत करा, असं सांगितलं. सूत्रांना मुदत कुणी घातली नाही.

खैरलांजी आठवते का? इथून फार लांब नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं, त्यात आई आणि मुलगीही होत्या, आणि सुरुवातीच्या बातम्यांत काय? संबंध. पुढं नोव्हेंबरात नागपुरात आणि विदर्भभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठं बऱ्याच जणांना त्यात जात दिसली. घरातले एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारले. इतकी वर्षं माणूस न्यायासाठी झगडत राहिला, आणि पहिल्या दिवशी त्याच्या बायकोबद्दल जे छापलं गेलं ते आजही कुणीतरी चहाच्या टपरीवर खालच्या आवाजात सांगतोच. तेव्हा खुलासा छापून आणायच्या भानगडीत पडू नका. आलाच तर हरवलेल्या मार्कशीटच्या जाहिरातीखाली येईल.

प्रकरणात बलात्कार असेल तर मात्र कायदा कडक आहे. नाव छापता येत नाही, मेल्यानंतरही नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय आणि न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून पेपर नाव बदलतो. मोहल्ला, बापाचं दुकान, कॉलेज, वर्ष आणि लहान बहीण कोणत्या शाळेत जाते एवढंच देतो. तुम्ही आपले बदललेल्या नावाबद्दल आभार माना.

वस्तीनंही हातभार लावावा. १३ ऑगस्ट २००४ ला जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरातला गुंड अक्कू यादव याला जमावानं मारलं आणि जगभरचे कॅमेरे त्या वस्तीत शिरले. त्याच्या दहशतीत वर्षानुवर्षं बाया जगल्या तेव्हा हे कॅमेरे कुठं होते, असले प्रश्न काढू नका. २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, वस्ती अजून सुटायची आहे. दर थोड्या वर्षांनी नवा कॅमेरा येतो, त्याच गल्ल्या, तेच प्रश्न. मुलीचा बायोडाटा करताना पत्ता 'जरीपटक्याजवळ' असा लिहा, खोटंही नाही आणि पाहुणेही बसतात.

तेरवी झाली की तुम्ही मोकळे. बूम दुसऱ्या उंबऱ्यात गेलेला असतो. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं, नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, पण हे कुठल्या बातमीत वाचलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. चाकूची लांबी मात्र तुम्हाला इंचांत माहीत असेल.

पुढं साक्षीदार फितूर होतात, तारखा पडतात, आरोपीच्या जामिनाची मिरवणूक तुमच्याच गल्लीतून जाते. तिकडं कुणी फिरकत नाही. आणि बऱ्याच वर्षांनी एक दिवस दुपारी अनोळखी नंबरवरून फोन येतो, "काकू, निकाल लागला न, प्रतिक्रिया द्या." तुम्हाला निकाल लागल्याचंच माहीत नसतं. गोंधळू नका. आरोपी सुटला की शिक्षा झाली, एवढं तेवढं त्यालाच विचारून घ्या, म्हणजे समाधान व्यक्त करायचं की संताप, ते ठरवता येईल.