फ्रान्सिस दोन, गोंधळ एक

नाशिकहून गोव्याची सहल ठरली की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड हटकून येतो. यंदा पंचवटीच्या काकांनी टाकला: ‘जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिसचं शव आहे. इमारत 1517 पासून जशीच्या तशी आहे. दारावर सूर्य-चंद्र कोरलेत, आत विष्णूची मूर्ती आहे. म्हणजे ते मूळचं देऊळच.’

काका, राग मानू नका, पण एकेक बघू.

शव आहे ते फ्रान्सिस झेवियरचं, आणि ते रस्त्यापलीकडच्या बॉम जेझुस चर्चमध्ये. हे चर्च असिसीच्या फ्रान्सिसचं. तो 1226 मध्ये इटलीत वारला, भारतात कधी आलाच नाही. झेवियर जेझुइट, म्हणजे वेगळ्याच ख्रिस्ती संघाचा, गोव्यात उतरला 1542 साली. त्याच्या पंचवीस वर्षं आधीच फ्रान्सिस्कनांनी, म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसच्या संघातल्या साधूंनी, इथे बस्तान मांडलं होतं. शवप्रदर्शनाच्या वेळी ते शव या चर्चला खेटून असलेल्या से कॅथेड्रलमध्ये आणतात, घोळ बहुधा तिथेच होत असावा.

‘जशीच्या तशी’ तर नाहीच. 1517 मध्ये आठ फ्रान्सिस्कन साधू आले, त्यांनी छोटं प्रार्थनाघर बांधलं. 1521 मध्ये त्याचं चर्च झालं. तेही पुढे पाडलं आणि आजचं उभं राहिलं 1661 साली, जांभ्याच्या चिऱ्यांत, वरून चुन्याचा गिलावा. काळारामाचा काळा पाषाण बघत वाढलेल्या नाशिककराला पांढऱ्या भिंतीत ते कोरीव दार लगेच वेगळं दिसेल. कारण जुन्यातलं तेवढंच राखलंय.

त्या दारावरचे ‘सूर्य-चंद्र’ नीट बघा. गोलाभोवती कड्या आहेत. आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या फिरण्याचा तो नमुना, पोर्तुगालच्या मानुएल राजाचं बोधचिन्ह. त्याच्याच नावावरून या शैलीला मानुएलीन म्हणतात.

आता विष्णू. मूर्ती खरी आहे! पण ती चर्चमध्ये नाही, शेजारच्या जुन्या मठात आहे. 1835 मध्ये गोव्यातले मठ सरकारने बंद केले, साधू गेले. 1964 पासून तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. गोव्यातून गोळा केलेले वीरगळ, सतीशिळा, देवदेवता तिथे मांडल्यात, आणि त्यांच्याच जोडीला पोर्तुगीज गव्हर्नरांची तैलचित्रंही. ती चित्रं बघून कुणी मठ गव्हर्नरांचा वाडा होता म्हणत नाही. इथल्या तिसवाडी तालुक्यातली देवळं 1540 च्या सुमारास पाडली गेली, ते कुणीच नाकारत नाही. पण हे चर्च मूळचं देऊळ होतं याचा पुरावा म्हणून संग्रहालयातली मूर्ती कशी चालेल?

फॉरवर्डमधल्या फोटोत मूर्तीखालची पाटी कापलीय. तुम्ही जाल तेव्हा पाटीसकट काढा.