डिसेंबरातला फ्लॅट

घर बघायचं ते जुलैत, धो धो पावसात, जमलं तर लाइट गेलेली असताना, असं माझं ठाम मत आहे. ते कुणी मनावर घेत नाही. ठाण्यात लोक छत्र्या माळ्यावर टाकतात, तुळशीचं लग्न उरकतात आणि मग फ्लॅट बघायला निघतात. विकणाराही याच मुहूर्ताला टपलेला असतो. पावसाळाभर पाझरणारी भिंत तोवर सुकते, तिच्यावर पुट्टीचे दोन हात आणि आयव्हरी रंग चढतो, आणि हॉल कसा नवरदेवासारखा दिसतो.

म्हणून सोफ्याचं कौतुक नंतर, आधी कपाट सरकवायला सांगा. रंगारी सहसा कपाटामागे जात नाही. तिथे बोटाला पांढरी पूड लागली तर भिंतीतून पाणी येऊन गेलंय. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलत बसतात. नैर्ऋत्येची भिंत जरा जास्त निरखा, पाऊस तिकडूनच झोडपतो. बाथरूमला पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग असेल तर झडप उघडून टॉर्च मारा. वरच्यांच्या नहाणीचं पाणी नेणारा सांधा, म्हणजे नहाणी ट्रॅप, ठिबकत असेल तर तो तिथेच दिसेल. शेवटचा मजला असेल तर गच्चीवर चढा. वर पत्र्याची शेड दिसली की समजायचं, गळती रोखायला विटांच्या तुकड्यांचा जो थर घालतात त्या ब्रिकबॅट कोब्याशी झुंजून सोसायटी हरलेली आहे.

ऊनही विकणाऱ्याला सामील. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून छान कोवळा उजेड येतो आणि एजंट म्हणतो, "मॅडम, नॅचरल लाइट बघा!" मे महिन्यात पश्चिमेची बेडरूम झोपायच्या वेळेलाही तव्यावर असते, ते तो बोलत नाही. धरणं भरलेली असल्याने नळालाही जोर असतो. घोडबंदर रोडला घेत असाल तर सोसायटीकडे एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो म्हणून वेगळे पैसे लावतात, पण जानेवारीच्या धुरक्यात तो डोंगर श्रद्धेनेच बघावा लागतो.

मग पौष लागतो. शुभकार्य नको म्हणून गिऱ्हाईक आटतं आणि एजंट पहिल्या रिंगला फोन उचलतो. घासाघिशीला याहून चांगला महिना नाही. टोकन, म्हणजे बयाणा, हवं तर माघात द्या, भाव पौषातच तोडा. नोंदणी मात्र मार्चअखेरपर्यंत रेटू नका. रेडीरेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले, नवे दर १ एप्रिलपासून लागतात, त्यामुळे त्या आठवड्यात सगळं ठाणं दुय्यम निबंधकांकडे अंगठा द्यायला उभं असतं.

आता खिसा. ९० लाखांच्या फ्लॅटला ठाण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ६,३०,००० रुपये, वर नोंदणी फी ३०,०००. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, म्हणजे ९०,००० वाचले. जोडीला नवऱ्याचं नाव आलं की सूट गेली. एवढ्या रकमेला कोणता नवरा किती उदार होतो, हे बघण्यासारखं असतं. व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, कापून सरकारला भरायचा असतो. विकणाऱ्याला हे शेवटच्या चेकच्या दिवशी कळलं तर ठिणगी पडते, तेव्हा टोकनआधीच सांगून टाका.

नवी मुंबईत जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोची, भाडेपट्ट्यावर. तिथे सिडकोची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि हस्तांतरण शुल्क आलंच. ते कुणी भरायचं, हेही तोंडी ठेवू नका. सोसायटीला महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० घेता येतो. त्यावर 'स्वेच्छा देणगी' सुचवली गेली, तर पावतीवर कारण लिहून मागा. स्वेच्छा बऱ्याचदा तिथेच मावळते.

आणि पंखे, गीझर, चिमणी, पडद्यांचे रॉड यांची यादी करारनाम्याला जोडा. नाहीतर ताबा घेताना छताला नुसत्या वायरी लोंबत असतात आणि विकणारे काका हळवे होऊन सांगतात, "पंखे मुलीच्या पहिल्या पगारातले आहेत हो."